ब्रेकमधील हवा तीनदा काढूनही पेडल मऊच लागते : आता नेमके काय तपासावे?

उतारावरचा (सातारा)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००८ सालची अल्टो आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गाडी रोज शाळेपर्यंत जाते आणि महिन्यातून एकदोनदा यवतेश्वर घाटातून कासच्या बाजूला सासुरवाडीला. मागच्या खेपेला घाट उतरून आल्यावर पुढच्या डाव्या चाकाची रिम हात लावू देत नाही इतकी तापलेली आढळली. न्यूट्रलमध्ये ढकलतानाही गाडी जड लागत होती. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन अडकत असावा असा अंदाज करून मी दोन्ही बाजूंचे कॅलिपर घरीच काढले, एकाच परातीत ठेवून साफ केले, पिस्टनवर गंजाचे खड्डे नाहीत याची खात्री केली आणि पोवई नाक्यावरून आणलेले नवे सील ब्रेक ऑइलचा हात लावून बसवले. पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसरही नवे घातले आहेत. येथपर्यंतचे काम मनासारखे झाले.

पाइप सुटला की ब्रेकच्या नळीत हवा शिरते, म्हणून त्यानंतर पुतण्याला पेडलवर बसवून ती काढायला घेतली. कॅलिपरच्या निप्पलवर (हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर) सलाइनची पारदर्शक नळी, तिचे दुसरे टोक बाटलीत, बाटलीत तळाला थोडे ऑइल, अशी मांडणी केली होती. पुतण्या पाचसहा वेळा भराभर पेडल मारून दाबून धरायचा, मी निप्पल सैल करायचो, ऑइल यायचे आणि मग मी निप्पल घट्ट करायचो. पहिल्या दिवशी बुडबुडे पुष्कळ आले, दुसऱ्या दिवशी तुरळक आले आणि तिसऱ्या दिवशी एकही आला नाही. लिटरभर ऑइल संपले, तरी पेडल पहिल्या दाबात जवळजवळ तळाला जाते, दोनतीन वेळा मारले की वर येते, आणि वर आले तरी पायाखाली उशी असल्यासारखे लागते. कुठेही गळती दिसत नाही आणि ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळीही उतरत नाही.

गाडी दारातच उभी आहे. आमची गल्ली अजिंक्यताऱ्याच्या बाजूने सरळ खाली उतरते, त्यामुळे 'एक चक्कर मारून बघू' असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. आता मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच नळ्यांत ऑइल ढकलणारा मुख्य पंप) बदलावा, की आणखी एक लिटर ऑइल आणून हेच पुन्हा करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माहुलीची वाट

आपण कोणत्या चाकापासून सुरुवात केली हे लिहिलेले नाही. नियम असा आहे की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम घ्यावे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे मास्टर सिलिंडरही बहुधा उजवीकडेच असतो. त्यामुळे आधी मागचे डावे, नंतर मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम ठेवावा. तुम्ही केवळ पुढच्याच चाकांची हवा काढली असेल, तर चारही चाकांची काढून पाहा.

जुना पाना

मी अनेक वर्षे एसटीच्या कार्यशाळेत काम केले. तेथील ब्रेक हवेवरच चालतात, म्हणजे हवा हीच त्यांची ताकद. तुमच्या मोटारीत तीच हवा शत्रू होते. हा फरक डोक्यात बसायला मलाही निवृत्तीनंतर स्वतःची गाडी घेतल्यावर थोडा वेळ लागला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माहुलीकरांनी सांगितलेला क्रम पुष्कळ गाड्यांना लागू पडतो, परंतु सरसकट नाही. पुढची चाके ओढणाऱ्या अनेक लहान गाड्यांमध्ये ब्रेकची दोन मंडले (ऑइलचे स्वतंत्र मार्ग) तिरपी विभागलेली असतात. मागचे डावे आणि पुढचे उजवे ही एक जोडी, मागचे उजवे आणि पुढचे डावे ही दुसरी. अशा काही गाड्यांच्या पुस्तिकेत जोडीजोडीने हवा काढायला सांगितलेले असते. स्वतःच्या गाडीची पुस्तिका सांगेल तो क्रम खरा मानावा. मात्र या ठिकाणी क्रमामुळे अडले आहे असे मला वाटत नाही. डबी काम चालू असताना एकदाही रिकामी पडली नसेल आणि फक्त पुढचे दोन पाइप सुटले असतील, तर हवा त्या दोन टोकांनाच असणार. मागच्या चाकांकडे ती आपण होऊन चालत जात नाही.

मास्टर सिलिंडर विकत घेण्यापूर्वी पेडल काय सांगते ते ऐकावे. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधील (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातील) निर्वात संपेल. मग मध्यम जोराने दाबून तसेच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतील रबर दाब धरत नाही. पेडल खोल जाऊन तेथे दगडासारखे थांबत असेल, तर बहुधा मागच्या ड्रममधील लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर) आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढले आहे, आणि अशा वेळी कितीही ऑइल सांडले तरी फरक पडणार नाही. पेडल थांबते खरे, पण जोर वाढवला की स्प्रिंगसारखे आणखी आत जाते आणि सोडले की वर ढकलते, तर ती हवाच. तुम्ही 'उशी' हा शब्द वापरला आहे, तो तिसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतो. याच अवस्थेत पेडल दाबून धरून इंजिन सुरू केले की ते किंचित खाली जाते. ती बूस्टर काम करत असल्याची खूण आहे, तिला बिघाड समजू नये. निम्मे लोक तेथेच घाबरून दुकान गाठतात.

किती हवेने काय होते, याचा एक हिशेब मी मुलांना करून दाखवतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर होते. जोराने ब्रेक दाबल्यावर नळीत वातावरणाच्या पन्नास पट दाब झाला असे समजा. त्या दाबाखाली १ घन सेंटिमीटर हवेचा बुडबुडा पन्नासाव्या भागाएवढा उरतो, म्हणजे जवळजवळ सगळीच जागा मोकळी होते, आणि ती भरून काढण्यासाठी पिस्टनला सुमारे ३.१ मिलिमीटर जास्त सरकावे लागते. पेडलची तरफ साधारण चारपट असेल, तर पायाखाली सव्वा सेंटिमीटर वाया गेले. हवा ३ घन सेंटिमीटर असेल, तर पावणेचार सेंटिमीटर. म्हणजे चहाचा एक छोटा चमचासुद्धा भरणार नाही इतक्या हवेने तुमचे पेडल तळाशी नेले आहे, आणि ती हवा तीन दिवसांत बाहेर आलेली नाही. बुडबुडे येणे थांबले याचा अर्थ हवा संपली असा होत नाही. तिला निप्पलपर्यंत यायला वाट नाही, असाही होऊ शकतो.

म्हणून माझा प्रश्न अगदी साधा आहे. पुढच्या दोन्ही कॅलिपरवरील निप्पल आता वरच्या बाजूला आहेत की खालच्या? दोन्ही कॅलिपर एकाच परातीत धुतले असे वाचले तेव्हाच मनात शंका आली. एकाच खोक्यातल्या डाव्याउजव्या बुटांसारखे ते दिसतात, आणि पुष्कळ गाड्यांमध्ये डावा उजवीकडे व उजवा डावीकडे बिनतक्रार बसतो. मग निप्पल खाली जाते, हवा पिस्टनमागच्या पोकळीच्या माथ्यावर अडकून राहते आणि तुम्ही खालून स्वच्छ ऑइल काढत बसता. रबरी पाइपला पीळ पडलेला दिसत असेल, तर संशय आणखी पक्का होतो.

आता तुमच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. पेडल भराभर मारू नका, कारण त्याने मोठ्या बुडबुड्याचा फेस होतो आणि फेस नळीच्या भिंतीला चिकटून बसतो. सावकाश दाबावे, निप्पल पाव ते अर्धा फेरा उघडावे, पेडल खाली जाऊ द्यावे, निप्पल बंद करावे आणि त्यानंतरच पाय सोडावा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा एक तुकडा ठेवावा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या ज्या भागात कधी जात नाही तेथे गंजाचा थर साठलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत नेले की रबराची कड त्या थरावर घासून फाटते. हवा काढायला बसलेला माणूस असा चांगला मास्टर सिलिंडर बिघडवून उठतो.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. 'सोड' हा शब्द वापरू नये. निप्पल सैल करणाऱ्याच्या दृष्टीने नट सोडायचा असतो आणि पेडलवरच्याच्या दृष्टीने पाय सोडायचा असतो. एकाने 'सोडला' म्हटले की दुसरा पाय उचलतो आणि उघड्या निप्पलमधून हवा पुन्हा आत जाते. आम्ही 'दाब', 'उघडले', 'बंद', 'उचल' असे चार शब्द ठरवले होते आणि पेडलवरच्याने प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणायचा असा दंडक होता.

घाटातला सारथी

जुना पाना यांचे म्हणणे शंभर टक्के पटते. मी पर्यटकांना घेऊन वाई, पाचगणी, महाबळेश्वर करतो, त्यामुळे एका वेगळ्या हवेबद्दल लिहितो, कारण प्रश्नकर्त्यांनाही घाट उतरायचा आहे.

पसरणी घाट उतरताना नवखा चालक चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून येतो आणि खाली पोहोचेपर्यंत पेडल अचानक मऊ पडते. गाडी अर्धा तास उभी केली की पेडल पूर्ववत होते. ही बाहेरून शिरलेली हवा नव्हे. कॅलिपरमधील ऑइल उकळून झालेली ती वाफ असते, आणि थंड झाल्यावर तिचे पुन्हा द्रव होते, म्हणून गॅरेजमध्ये काहीही सापडत नाही. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. परंतु ही ऑइले हवेतील ओलावा शोषतात, आणि पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की डॉट ३ साठी हीच किमान मर्यादा १४० वर आणि डॉट ४ साठी १५५ वर येते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेही दमट होतात, तेथे ब्रेकच्या डबीने कोरडे राहावे अशी अपेक्षा कशी करणार? म्हणून मी दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, सगळे ऑइल बदलतो.

प्रश्नकर्त्यांनी वापरलेला डबा नवा, सीलबंद होता का? मागच्या वर्षी उघडून माळ्यावर ठेवलेला डबा असेल, तर तो टाकून द्यावा. निप्पलमधून काढलेले ऑइल कितीही स्वच्छ दिसले तरी पुन्हा डबीत ओतू नये, कारण त्यात बारीक बुडबुडेही असतात. आणि डॉट ५ असे छापलेले ऑइल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. ते सिलिकोनचे असते आणि डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र पुन्हा नेहमीच्याच जातीचे आहे. नावे ठेवणाऱ्याने हा घोळ का करून ठेवला, ते त्यालाच ठाऊक.

कृष्णाकाठ (सांगली)

थोडी भर घालतो, कारण हे वाचून कोणी नवीन गाडीवर प्रयोग करील. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीत फक्त चाकाकडचा पाइप सुटला असेल, तर वरील पद्धतीने काम होते. परंतु डबी पूर्ण रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये गेली, तर ती पेडल मारून सहसा पूर्ण निघत नाही. तेथील व्हॉल्व आणि पंप स्कॅनरने चालवावे लागतात आणि ते काम गॅरेजचेच आहे. त्यामुळे दर पाचसहा दाबांनंतर डबी पाहणे, हे अशा गाडीत अधिकच महत्त्वाचे.

हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. निप्पल सैल केले की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत न संपणारे बुडबुडे दिसू लागतात. मी एकदा दुपारभर त्या खोट्या बुडबुड्यांच्या मागे लागलो होतो. आट्यांच्या बाहेरच्या कडेला सिलिकोन ग्रीस लावल्यावर ते थांबले. मदतनीस नसेल, तर निप्पल उघडून नळीतून ऑइल आपोआप ठिबकू देणे ही सर्वांत सोपी रीत आहे. वेळ लागतो, पण फेस होत नाही.

उतारावरचा

सर्वांचे मनापासून आभार. जुना पाना काका, उत्तर वाचून टॉर्च घेऊन तसाच खाली गेलो. दोन्ही निप्पल खाली आहेत. डाव्या बाजूच्या पाइपला पीळही आहे, जो मी बसवताना पाहिला होता आणि 'नवा सील बसला की ताठ होईल' अशी स्वतःची समजूत घातली होती. घरातल्या बारक्या मुलाने चपला उलट्या घालाव्यात तसे मी कॅलिपर घातले आहेत. डबा मागच्या वर्षीचाच होता, हेही कबूल करतो.

आता एक शंका. हे दोन्ही पुन्हा सोडवताना परत पहिल्यापासून सगळे करावे लागेल, की कॅलिपर फक्त उचलून निप्पल वर धरून हवा काढली तर चालेल?

जुना पाना

उचलून धरून हवा निघते, पण हा मार्ग ज्या गाडीत निप्पल मुळातच अवघड जागी असते तिच्यासाठी आहे. तसे करताना दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घालावी लागते, नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर उडी मारतो. तुमच्याकडे चूक डाव्याउजव्याची आहे आणि पाइपला पीळ आहे. पीळ पडलेला पाइप चाक वळताना घासतो आणि एक दिवस फुटतो. म्हणून अदलाबदलच करा, आणि तांब्याचे वायसर पुन्हा नवे घाला. एकदा दाबून चपटे झालेले वायसर दुसऱ्यांदा नीट बसेलच असे नाही.

गाडी सपाट जागी न्या, तुमच्या गल्लीत नको. न्यायची असेल तर ढकलतच न्या, दोरीने दुसऱ्या गाडीमागे बांधू नका, कारण ओढली जाणारी गाडी थांबवायलाही ब्रेकच लागतो. हँडब्रेक चांगला असेल, दोन माणसे सोबत असतील आणि रस्ता उताराचा नसेल, तरच हलवा. अन्यथा दारातच मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि पुढचा भाग घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये. निप्पल सोडवायला उघडा पाना नको, रिंग पाना घ्या. गंजलेले असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, पण ते तेल नळीत किंवा डबीत जाता कामा नये. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि मग एक नव्हे, सगळे सील बदलावे लागतात. निप्पल घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

उतारावरचा

काल काम झाले. शेजाऱ्यांच्या मोकळ्या अंगणात तीन जणांनी गाडी ढकलत नेली, हँडब्रेकवर एक जण बसला होता. कॅलिपर बदलले, पीळ गेला, निप्पल वर आले. पुतण्याने चारही शब्द इतक्या मोठ्याने म्हटले की समोरच्या आजी काय झाले म्हणून बघायला बाहेर आल्या. डाव्या बाजूच्या दुसऱ्याच दाबाला नळीतून बोटभर लांबीची हवा एकसंध निघाली, उजवीकडून त्याहून थोडी कमी. दोन्ही मिळून पाव लिटरसुद्धा ऑइल लागले नाही.

पेडलची उशी पूर्ण गेली आहे. ते अजूनही मला हवे त्यापेक्षा दोनेक बोटे खाली जाऊन थांबते, पण थांबते ते टणक, आणि दाबून धरल्यावर मिनिटभर जागचे हलले नाही. काकांच्या वर्गवारीप्रमाणे आता मागचे ड्रम उघडून लायनर पाहायचे आहेत. ते येत्या रविवारी. तोपर्यंत गाडी अंगणातच राहील आणि मी शाळेत चालत जाईन. कॅलिपरवर मात्र या वेळी पंचने 'डा' आणि 'उ' अशी अक्षरे ठोकून ठेवली आहेत.

जुना पाना

ड्रमच्या आत फुंकर मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. आणि एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडा, म्हणजे स्प्रिंगा कुठे होत्या हे पाहायला दुसरी बाजू शाबूत राहील.